फटफटीस्वार आणि कायदा

सायंकाळीं कल्याणकडून निघालेली कसाऱ्याची गाडी आटगांवच्या स्थानकांत येऊन थांबली म्हणजे जें दृश्य दिसतें, तें पाहण्यासारखें असतें. दिवसभर कचेऱ्यांत व कारखान्यांत राबून आलेलीं माणसें लगबगीनें उतरतात, आणि बाहेर रांगेनें उभ्या असलेल्या आपापल्या मोटारसायकलींकडे धांव घेतात. पांच मिनिटांत सारा परिसर फटफटाटानें भरून जातो. कोणी तानशाच्या बाजूस वळतो, कोणी शहापुराकडे जातो, कोणी आग्रा रस्ता ओलांडून आपल्या पाड्याची वाट धरतो. थोड्याच वेळांत स्थानक पुन्हां शांत होतें, आणि अंधारांत दूरवर एकेक लाल दिवा तेवढा लुकलुकत राहतो.

आमच्या आज्यांच्या वेळीं ज्याच्या दारांत बैलगाडी असे तो घरंदाज समजला जाई. आज कुडाच्या घरापुढेंहि एक फटफटी उभी असते. दूध पोंचविणें, भाजी बाजाराला नेणें, मुलाला महाविद्यालयांत सोडणें, आजाऱ्याला दवाखान्यांत नेणें, हीं सारीं कामें तीच करिते. तिला चैनीची वस्तु म्हणणें हा आतां अन्याय होईल. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत ती नांगराइतकीच संसाराची वस्तु झाली आहे. परंतु वाहन आमच्या दारीं आलें, तरी त्याच्या मागोमाग यावयाचें जें कायद्याचें ज्ञान, तें मात्र वेशीबाहेरच राहिलें. त्या ज्ञानाचें महत्त्व किती, हें सांगण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलों आहें.

प्रथम दोन आंकडे सांगतों. २०२२ या एका वर्षांत हिंदुस्थानांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं शेंकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवर बसलेलीं होतीं. त्याच वर्षीं डोक्यावर शिरस्त्राण नसल्यामुळें प्राण गमावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती, आणि यांपैकीं १४,३३७ जण मागें बसणारे होते. एखादा लहानसा तालुका एका वर्षांत ओस पडावा, तशी ही हानि आहे.

मी तालुक्याच्या न्यायालयांत वकिली करितों. “शहाण्यानें न्यायालयाची पायरी चढूं नये” ही म्हण ज्या लोकांच्या तोंडीं सदैव असते, तेच लोक न चढण्याची काळजी घेत नाहींत म्हणून माझ्याकडे येतात. अशीच एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. त्यांच्या हातांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस होती. “वकीलसाहेब,” ते म्हणाले, “मला गाडी चालवितां येत नाहीं, आणि माझ्या दारांत गाडीहि नाहीं. मग हें काय आलें?” चौकशी करितां उलगडा झाला. मुलानें वापरलेली, पण नोंदणी बापाच्या नांवावर असलेली जुनी मोटारसायकल त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं मुरबाडकडील एका गृहस्थास विकली होती. पैसे रोख मोजून घेतले, किल्ली हातावर ठेविली, चहा झाला, आणि व्यवहार पुरा झाला असें दोघांनीं मानलें. घेणाऱ्यानें ना नांव बदलून घेतलें, ना विमा उतरविला. एके दिवशीं त्याच्या गाडीचा धक्का लागून कामावरून घरीं परतणारी एक मजूर स्त्री मरण पावली. सरकारी नोंदींत मालक कोण? आमचे आजोबा!

मीं पुष्कळ खटपट केली. परंतु कायदा स्पष्ट होता. नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव तोच मालक, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें आहे. गाडी प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यांत होती, तिचे पैसे कोणी कोणास दिले, या गोष्टींनीं मृताच्या वारसांपुढील जबाबदारी टळत नाहीं. आजोबांना आपल्या भातखाचराचा एक तुकडा विकावा लागला. येथें आपण त्यांच्याविषयीं हळहळतां, तें योग्यच आहे. परंतु त्या स्त्रीचीं मुलेंहि न्यायालयांत येऊन बसत. तो पैसा त्यांच्या हक्काचा होता. म्हणून मी म्हणतों, दोष कायद्याचा नव्हता; चहा घेऊन पुरा झालेल्या त्या व्यवहाराचा होता.

हें टाळण्यासाठीं काय करावयास हवें होतें? फार कांहीं नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५० वें कलम असें सांगतें कीं, विकणाऱ्यानें, व्यवहार त्याच राज्यांतील असल्यास, चवदा दिवसांच्या आंत हस्तांतरणाची खबर नोंदणी अधिकाऱ्यास द्यावी, आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत आपलें नांव लावून घ्यावें. नमुना २९ आणि नमुना ३० हे ते दोन कागद. ते भरून त्यांची पोंच जपून ठेविली असती, तर तें खाचर आज त्यांच्याच नांवावर असतें.

आतां विम्याविषयीं. आपल्या वाहनामुळें दुसऱ्यास इजा झाली तर तिची भरपाई करणारा विमा प्रत्येक वाहनाला असलाच पाहिजे, असें १४६ वें कलम सांगतें. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेतांनाच हा विमा पांच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळें नवें वाहन घेणारा पांच वर्षें निश्चिंत असतो. आणि याच निश्चिंतपणांत तो सहाव्या वर्षीं विमा नव्यानें उतरविण्याचें विसरतो! खेड्यांत गाडी दुसऱ्यातिसऱ्या हातीं जाते ती बहुधा याच सुमारास. विमा नसल्याचा दंड दोन हजार रुपये आहे; परंतु तो दंड ही क्षुल्लक बाब समजा. खरा दंड न्यायाधिकरणांत लाखांच्या आंकड्यांनीं बसतो, आणि तो मालकाच्या घरादारावर बसतो. दुसरी एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. मालक स्वतः गाडी चालवीत असतां अपघातांत मरण पावला, तर त्याच्या वारसांस पंधरा लाख रुपये मिळावेत, असा वैयक्तिक अपघात विमाहि या विम्याबरोबर मालकास घ्यावा लागतो. मात्र चालविणाऱ्याजवळ वैध परवाना पाहिजे. कित्येक विधवांच्या घरांतील पेटींत असे विम्याचे कागद पडून असतात, आणि ते उघडून कोणी वाचीत नाहीं.

परवान्याचेंहि तसेंच. अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून ही मोटारसायकल चालवितां येत नाहीं. सोळाव्या वर्षीं जी सवलत आहे ती पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीपुरतीच. आपल्याकडे मात्र मिसरूड फुटण्याच्या आधींच मुलाच्या हातीं किल्ली देण्यांत बापास भूषण वाटतें! अशा बापांनीं १९९ अ हें कलम ऐकावें. अज्ञान मुलानें या कायद्याखालील गुन्हा केल्यास पालक अथवा मालक यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. चार मैलांच्या हौसेसाठीं मुलाचीं उमेदीचीं वर्षें गहाण टाकूं नका.

शिरस्त्राणाविषयीं, ज्यास आपण सर्व हेल्मेट म्हणतों, मी थोडेंच बोलणार आहें. चालविणारा आणि मागें बसणारा, दोघांनींहि तें घातलें पाहिजे. चार वर्षांवरील मुलासहि तें सक्तीचें आहे, आणि फेटा बांधणारा शीख तेवढा अपवाद आहे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलास लहान शिरस्त्राण घालून, पट्ट्यानें चालकाशीं बांधून न्यावें, आणि गाडीचा वेग ताशीं चाळीस किलोमीटरांवर जाऊं देऊं नये, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. शिरस्त्राणानें मृत्यूचा धोका शेंकडा ४२ नीं आणि डोक्याच्या इजेचा शेंकडा ६९ नीं कमी होतो, असें अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. पोलीस दिसला कीं डोक्यावर, आणि चौकी ओलांडली कीं कोपरावर, हा जो खेळ चालतो त्यांत फसतो कोण? पोलिसाचें डोकें तर सुरक्षितच असतें!

कायद्यानें मागें बसणारा एकच धरला आहे. नवरा, बायको, दोन मुलें आणि पुढें टांकीवर पिशवी, असा संसार एका गाडीवर जातांना मीं अनेकदां पाहिला आहे, आणि त्यांस दुसरें वाहन मिळत नाहीं हेंहि मला ठाऊक आहे. यास्तव मी उपदेश न करितां एक लहानशी सूचना करितों. प्रत्येक मोटारसायकलीला मागें बसणाऱ्यासाठीं धरावयाची मूठ, पाय ठेवण्याची जागा, आणि मागील चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारी जाळी असलीच पाहिजे, असा केंद्रीय नियमांतील १२३ वा नियम आहे. ही जाळी कशासाठीं? आपल्या बायकांचा पदर चाकांत अडकूं नये म्हणून. शोभा जाते म्हणून तरुण मुलें ती काढून टाकतात, आणि मग लुगड्याचा पदर गुंतून आई अथवा बहीण रस्त्यावर पडते. घरीं गेल्यावर आपल्या गाडीचें मागील चाक एकवार पाहा.

येथवर कर्तव्यें झालीं. आतां हक्कांकडे वळूं. कारण कायदा म्हणजे पोलीस, आणि पोलीस म्हणजे पैसे, ही जी समजूत खेड्यांत दृढ झाली आहे, ती माणसाला दीनहि करिते आणि बेकायदाहि करिते.

गणवेशांतील पोलीस अंमलदारानें मागितल्यास परवाना व कागद दाखविणें हें आपलें कर्तव्य आहे. परंतु ते कागद खिशांतच असले पाहिजेत असें नाहीं. २०१८ च्या दुरुस्तीपासून सरकारमान्य पद्धतीनें दूरध्वनियंत्रांत ठेवलेले कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. डिजिलॉकरमधील परवाना दाखविला असतां “कागदच पाहिजे” असें कोणी म्हणूं शकत नाहीं. मात्र कागदाचें नुसतें छायाचित्र काढून ठेविलें तर तें चालणार नाहीं, हा भेद लक्षांत ठेवा. अंमलदारानें कायद्याप्रमाणें परवाना ताब्यांत घेतला तर त्याची पोंच मागा. ती देणें २०६ व्या कलमान्वयें त्यास बंधनकारक आहे. नोंदणी वा परवान्यावांचून चालणारी गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार २०७ व्या कलमांत आहे. परंतु चालत्या गाडीची किल्ली हिसकावून काढावी, असें सांगणारें कलम कायद्यांत नाहीं. दंड भरला तर पावती घ्या. गुन्हा मान्य नसेल तर तडजोडीचा दंड न भरतां न्यायाधीशापुढें आपली बाजू मांडण्याचा हक्क आपणांस आहे. यंत्रानें छायाचित्र काढून पाठविलेल्या दंडासहि हेंच लागू आहे. आणि एक मौजेची, पण खरी गोष्ट सांगतों. कायदा चालविणाऱ्या अधिकाऱ्यानेंच या कायद्याखालील गुन्हा केला, तर त्यास दुप्पट दंड, असें २१० ब हें कलम म्हणतें. हीं सर्व उत्तरें नम्रपणें देतां येतात. हुज्जत आणि हक्क या दोन निराळ्या वस्तु आहेत. आवाज चढला कीं हक्काची बाजू पडते.

आतां अपघाताकडे येतों, कारण तेथें अज्ञान अधिक महाग पडतें. आपल्या हातून अपघात झाला तर पळून जाऊं नका. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणें आणि पोलिसांस खबर देणें हें १३४ व्या कलमानें चालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. जमाव अंगावर येण्याची भीति असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यांत जा; परंतु अंधारांत नाहींसे होऊं नका.

आणि आपण केवळ वाटसरू असाल तर? श्रोतेहो, येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. वकिलीच्या आरंभींच्या काळांत एका पावसाळी रात्रीं आग्रा रस्त्याच्या कडेला मीं एक मोटारसायकल आडवी पडलेली पाहिली. शेजारीं एक माणूस होता. मी थांबलों, पण उतरलों नाहीं. साक्षीपुराव्याच्या फेऱ्यांत आपण अडकूं, या भीतीनें पुढें निघून गेलों. दुसऱ्या दिवशीं तो माणूस पहांटेस गेल्याचें ऐकलें. कायदा शिकलेल्या माणसाची ही गत, मग इतरांस मी काय दोष देऊं?

आज ती सबब उरलेली नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०१६ मध्यें मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांस बळ दिलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें १३४ अ हें कलम कायद्यांत आलें. सद्भावनेनें जखमीस उचलून नेणाऱ्यावर, पुढें कांहींहि झालें तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. त्याचें नांव-गांव सांगण्याची सक्ति पोलीसहि करूं शकत नाहींत, रुग्णालयहि करूं शकत नाहीं. उलट, प्राण वाचविणाऱ्या अशा माणसास पंचवीस हजार रुपयांचें बक्षीस देण्याची योजना केंद्र सरकारनें २०२५ मध्यें जाहीर केली आहे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. इजेनंतरच्या पहिल्या तासास कायद्यानेंच सोनेरी तास म्हटलें आहे. शिवाय मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेनुसार, अपघातांतील जखमीस नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरतां उपचार मिळावयाचे आहेत.

पुढें भरपाईचा प्रश्न येतो. धडक देणारें वाहन माहीत असेल तर वारस वा जखमी यांस न्यायाधिकरणाकडे दावा करितां येतो. त्यासाठीं अपघाताच्या गांवींच जावें लागतें असें नाहीं. आपण राहतां त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडेहि जातां येतें. ठाणें जिल्ह्यांतील माणसाला ठाण्यास दावा लावतां येतो. मुदत मात्र सहा महिन्यांची आहे असें समजून चाला. “बारावें-तेरावें होऊं द्या, मग पाहूं” असें म्हणतां म्हणतां वर्ष निघून जातें. चूक कोणाची हें सिद्ध न करितांहि मृत्यूबद्दल पांच लाख व गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये मागण्याची सोय १६४ व्या कलमांत आहे.

आणि वाहन पळून गेलें, त्याचा कांहींच पत्ता लागला नाहीं तर? बहुतेक कुटुंबें येथें कपाळावर हात मारून स्वस्थ बसतात. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातांत मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर इजेबद्दल पन्नास हजार रुपये देण्याची योजना आहे. अर्ज तालुक्यांत, तहसीलदारांच्या दर्जाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो, आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. वाहन सांपडत नसेल तर या हक्काची लेखी माहिती पोलिसांनींच कुटुंबास द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२४ मध्यें दिला आहे. ज्यांच्या घरीं असा प्रसंग गुदरला असेल त्यांस कृपा करून हें सांगा.

तिघे बसले होते म्हणून भरपाईच मिळणार नाहीं, असें सांगून कांहीं लोक दुःखितांस परत पाठवितात. तेंहि खरें नाहीं. तिघे बसणें हा गुन्हा आहे. परंतु त्याचा अपघाताशीं कार्यकारणसंबंध नसेल तर तेवढ्यावरून मृतास सहदोषी धरतां येत नाहीं, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला आहे. उलट, वळण्याची वाट लांब आहे म्हणून महामार्गावर उलट्या बाजूनें जो गाडी हांकतो, त्याची गोष्ट निराळी. तें धोकादायक चालविणें आहे असें १८४ वें कलम स्पष्ट म्हणतें, आणि तेथें धडक झाली तर भरपाईंतील मोठा भाग त्याच्या स्वतःच्या दोषापायीं कापला जाऊं शकतो. अर्ध्या मैलाचें पेट्रोल वाचविण्याचा हा व्यवहार आहे. त्याचा हिशेब आपणच करा.

शेवटीं रस्त्याविषयीं. रस्ता चांगला असणें ही सरकारची मेहेरबानी नव्हे. सुस्थितींतील रस्ता हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं म्हटलें. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें खड्ड्यामुळें मृत्यु आल्यास सहा लाख, व इजा झाल्यास पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, असा आदेश दिला. रात्रीं दिवा न लावतां रस्त्यांत उभा केलेला मालट्रक हाहि १२२ व्या कलमाचा भंगच आहे. अशा ट्रकवर आदळून जो गेला त्याचें केवळ दैव फुटलें असें म्हणूं नका. पंचनाम्यांत ट्रकचे दिवे बंद होते हें लिहिलें गेलें आहे कीं नाहीं, तें पाहा.

आपल्या तालुक्याच्या पोटांतून समृद्धि महामार्ग गेला आहे. ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा खुला झाला. ज्यांच्या जमिनी त्याखालीं गेल्या, त्यांची दुचाकी मात्र त्यावर चढूं शकत नाहीं. तेथें तीस मनाई आहे. मनांत सल राहील, हें मी जाणतों. तरीहि ती मनाई पाळा. त्या वेगांत दुचाकीला जागा नाहीं. आपला मार्ग जुनाच, आग्र्याचा. आणि तेथें पथकराच्या नाक्यावर आपल्या दुचाकीला कर पडत नाहीं, एवढें समाधान आहे.

श्रोतेहो, आज रात्रीं पुन्हां ती कसाऱ्याची गाडी येईल, आणि ते लाल दिवे पुन्हां अंधारांत निरनिराळ्या वाटांनीं जातील. प्रत्येक दिव्याच्या पुढें एक घर आहे, आणि त्या घरांत कोणी तरी फटफटीच्या आवाजाकडे कान लावून बसलेलें आहे. तो आवाज रोज अंगणांत येऊन थांबावा, एवढ्याचसाठीं हीं सारीं कलमें लिहिलेलीं आहेत. तीं माहीत करून घ्या. पेटींतला विम्याचा कागद आजच काढून त्यावरील तारीख वाचा. विकलेल्या गाडीवर अजून आपलें नांव आहे कीं काय, तें उद्यां पाहा. आणि वाटेंत कोणी पडलेला दिसला, तर मी केलें तें करूं नका. थांबा, आणि उतरा.